उघडा तळहात

सोलापूरच्या वृद्धाश्रमात माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, शेजारच्या खाटेवर एक कानडी आजोबा असतात. काल त्यांची मुलगी जायला निघाली, तेव्हा त्यांनी नुसता तळहात उघडून पुढे धरला. तिने त्यावर आपला हात ठेवला आणि म्हणाली, "भाषे कोडतीनप्पा." आजोबा निवांत कुशीवर वळले.

अण्णांना कानडी कळते. मला म्हणाले, "दिवाळीला घरी नेते म्हणाली. कानडीत वचनाला भाषाच म्हणतात. पोरगी अख्खी भाषा देऊन गेली बघ! हिंदीवाले जबान देतात. आपण मराठी लोक चिकट, एकच शब्द देतो. आणि तू तर काय, नुसतं 'बघू' देतोस."

मी हसलो. तेही हसले.

बोललेले वाऱ्यावर जाते, म्हणून कदाचित माणसांनी वचन ही द्यायची वस्तू केली असेल. दिलेले निदान घेणाऱ्याच्या हातात उरते. 'बघू' मात्र देणाऱ्याच्याच खिशात राहते. घरी अण्णांची खोली आता माझ्या मुलीच्या अभ्यासाची झाली आहे. हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.

मी निघालो, तसा अण्णांनी तळहात उघडून पुढे धरला. मी त्यावर संध्याकाळची गोळी ठेवली.

त्यांनी ती पाण्याशिवाय गिळली आणि हात पुन्हा तसाच पुढे केला. मी "येतो" म्हणून निघून आलो. तो हात अजून तसाच असेल.