तिसरा शिदो

दुसरा शिदो पडला तेव्हा शैलानं माझ्याकडे पाहिलं. ज्युदोत शिदो म्हणजे दंड. तीन झाले की सामना गेला. पंचांनी ‘माते’ म्हणून खेळ थांबवला होता. कोचला खुर्चीवरून बोलायची मुभा तेवढ्या वेळापुरतीच.

“बाही धरू देऊ नको. झटक!” मी ओरडलो.

“सर, आत शिरून फेकू का? तिचा पाय पुढं यायलाय.”

“झटक म्हणलं ना!”

परभणीतली जिल्हा निवड चाचणी होती. वजनगटात पहिली येईल ती एकटीच राज्य स्पर्धेला जाणार. झरीहून बसनं येणाऱ्या शैलाचं या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. समोरची मुलगी सुनीलची शिष्या. आणि सुनील माझा. सरकीच्या पोत्यांवर ताडपत्री टाकून मी त्याला पडायला शिकवलं. आता त्याच्या हॉलमध्ये खऱ्या मॅट आहेत. माझी काही मुलंही तिकडं गेली. बाजारात लोक मलाच विचारतात, “सुनील सरांकडं ॲडमिशन मिळंल का हो?”

ज्युदोत फेकण्याआधी पकड लागते. एका हातात समोरच्याची बाही, दुसऱ्यात कॉलर. पकड ज्याची आधी बसते, सामना तो चालवतो. पण नुसती पकड टाळत राहिलं तर शिदो मिळतो. आणि फेक बसते ती वेळ साधली तरच. समोरच्यानं पाऊल टाकलं, वजन अजून पुरतं त्या पायावर आलं नाही, तेवढ्यात.

सुनीलची मुलगी आधी बाही धरायची. ही पकड सुनीलला मीच शिकवलेली. ती त्याच्या देखत मोडून दाखवायची होती मला. शैलाला पाय दिसत होता. मला समोरच्या खुर्चीतला सुनील.

पंच ‘हाजिमे’ म्हणाले, खेळ सुरू झाला. शैलानं बाही झटकली. पुन्हा झटकली. त्या मुलीचा पाय पुढं आला. या वेळी मलाही दिसला. शैला आत शिरली नाही. मी सांगितलं तेच करत राहिली.

तिसरा शिदो.

सुनील आला आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला. “सर, पोरगी लय भारी हाय तुमची. एकदा आत शिरली असती, तर आमची गेलीच होती.”

तो मनापासून बोलत होता. त्याचाच जास्त राग आला.

शैला बेल्ट गुंडाळत होती. “पंच जरा कडकच होते,” मी म्हणालो.

“पंचाचं नका सांगू सर. तुमी सुनील सरासंगं खेळायले होते. मी आपली मधी.”

घरी बायकोला मी तरीही पंचांचंच सांगितलं.

पुढच्या आठवड्यात शैलाला मीच सुनीलच्या हॉलवर घेऊन गेलो. आता तिला मोठ्यांच्या गटात खेळायचं होतं. तिच्या वजनाच्या मुली तिकडंच होत्या. दारातल्या पोरीनं विचारलं, “काका, ॲडमिशनला आलात का?” चपला काढून मॅटवर पाय ठेवला. मऊ होती. पोटात दुखलंच.

सामना चालू असताना कोचनं गप्प बसावं, असा नियम आहे. माझ्यासारख्यानं ‘माते’ झाल्यावरही बसावं.