जनाबाईचे बूट

मी भिवंडीत तीन वर्षं होमगार्ड होते, १९७२ ते १९७५. हुद्दा काही नाही. शिक्षण चौथी. आमच्या प्लाटूनमध्ये सहा बायका. रविवारी सकाळी सातला परेड. एरवी हुकूम आला की ड्युटी. भत्ता ड्युटी लागली तरच. नवरा दम्याने घरी बसलेला. मला पक्की नोकरी हवी होती.

एका कापडाच्या कारखान्यात गेटवर बायकांची झडती घ्यायला बाई हवी होती. मुलाखत मंगळवारी अकराला. आमचे सार्जंट म्हणाले, "गणवेशात जा. साहेब तोंड नंतर बघतो, आधी बूट बघतो." माझ्या बुटांचे तळ सुटले होते. प्लाटूनमधल्या जनाबाईचं माप माझंच. मंगळवारी सकाळी ती शेलार गावाहून माझ्या घरी आली, पॉलिश केलेले बूट घेऊन. स्वतः रबरी चपलेत.

"परत दे गो. नोकरीसंगं बूट पन खाशील."

"संध्याकाळी देते."

ती माझ्या गणवेशाच्या खाकी साडीला पिना लावत होती तेव्हा सार्जंट सायकलवर आले. सव्वानऊ वाजले होते.

"काल्हेरच्या रस्त्याला गोदाम पेटलंय. दोघी हजर व्हा." ते थांबले नाहीत.

मी बुटाची नाडी सोडायला वाकले. जनाबाईने हात धरला.

"तू जा मुलाखतीला. साडी काळी झाली तर कोन ठेवील तुला?"

"आणि सार्जंट?"

"सांगते, शेवंता मागं हाय म्हून. धुरात कोन मोजतंय."

"बूट तरी घे."

"तुला नाडी सोडाया धा मिन्टं लागतात. तवर गोदाम न्हाय राहायचं."

ती गेली. मी मुलाखतीला गेले.

मॅनेजरने खरंच आधी बूट पाहिले.

"होमगार्ड? उधर आग लगी है. तुम्हारी ड्यूटी नहीं?"

"नाही साहेब."

"साफसुथरी हो. एक तारीख से आ जाओ."

साडेबाराला मी गोदामावर पोहोचले. आग विझत आली होती. पत्रे खाली आले होते. मी येण्याआधी जनाबाई हमालांना बाहेर काढत होती. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला ती आत राहिली. हे मला सार्जंटने सांगितलं. सांगताना त्यांनी माझी साडी पाहिली, मग बूट पाहिले.

"हजेरीत दोघी लिहिल्यात," ते म्हणाले. "आता खोडत नाही."



तिसऱ्या दिवशी बूट घेऊन शेलारला गेले. तिचा नवरा ओटीवर बसला होता. म्हणाला, "आमच्यात कोनाला व्हनार? तुमीच घाला." मी ते गेटवर चार वर्षं घातले. एकदा तळ बदलले.

पुढे त्या आगीतल्या कामाचं प्रशस्तिपत्र आम्हा दोघींना मिळालं. तिचं तिच्या घरी भिंतीवर आहे. माझं ट्रंकेत आहे. नातवंडांनी ते पाहिलंय आणि आजी आगीत शिरली होती असं ती सगळ्यांना सांगतात.

मी शिरले नव्हते. जनाबाई शिरली होती.