नाक्यावरची मोजणी

इझाबेलच्या वर्गातली बरीच मुलं इंजिनीअर झाल्यावर पवईच्या बड्या कंपन्यांत गेली. ती मात्र माणिकपूरच्या एका लहानशा ऑफिसात रमली. तिथे चंद्रहास सर सिग्नलचं सॉफ्टवेअर बनवत होते. खांबावरच्या कॅमेऱ्यातून गाड्यांची रांग पाहायची आणि जिकडे रांग लांब, तिकडे हिरवा दिवा जास्त वेळ ठेवायचा. ऐकायला सोपं, पण ते जमवण्यात तिची काही वर्षं गेली.

पहिला प्रयोग सांडोरच्या नाक्यावर करायचं ठरलं, तेव्हा तिला कोण आनंद झाला! तो तिच्या घरचाच नाका. कोपऱ्यावर नथूकाकांचं घर आणि केळीची वाडी, मागे पाण्याने भरलेलं बावखल, रस्त्याच्या अंगाला ओटा. नथूकाका म्हणजे तिच्या पप्पांचे, सेबेस्टियनचे, शाळेपासूनचे दोस्त. ती लॅपटॉप घेऊन उन्हात उभी दिसली तशी त्यांनी हाक मारली, "अगं, काळी पडशील. ये, ओट्यावर बस."

मग ती रोज तिथेच बसू लागली. कॅमेऱ्याने मोजलेल्या गाड्या स्वतः पडताळायची. कॅमेरा रिक्षाला टेम्पो समजला की प्रोग्रॅम तिथल्या तिथे दुरुस्त करायची. काकू चहा आणून द्यायच्या.

"याने होणार काय गं?" काकांनी एकदा विचारलं.

"कोंडी सुटेल, काका. आहे तो रस्ता पुरेल. कुणाची वाडी जायला नको."

रस्ता रुंद होणार अशी कुजबुज गावात होतीच. काकांनी तिचं बोलणं घरोघर सांगितलं. सेबेस्टियनची पोरगी आहे, ती बघतेय, म्हणाले.

अहवाल महापालिकेकडे गेला. पुढे कचेरीत बैठक झाली. साहेबांनी गाड्यांच्या आकड्यांचं पान उघडलं आणि तिथेच बोट ठेवलं. "एवढी वर्दळ? मग रस्ता वाढवायलाच हवा. इतके दिवस आमच्याकडे पुरावाच नव्हता. छान काम केलंत."

"सर, पुढचं पान बघा ना. सिग्नल असा चालवला तर रांग निम्म्यावर येते. रुंदीकरणाची गरजच राहत नाही."

"सिग्नलही लावू की!" साहेब हसून म्हणाले.

बाहेर आल्यावर ती चंद्रहास सरांवर चिडली, रडली. आकडे परत घ्या म्हणाली. ते आता परत घेता येणार नव्हते.

नोटिसा आल्या, त्यांत तिच्याच मोजणीचा हवाला होता. काकांना आलेली नोटीस पप्पांनी त्यांच्या घरी बसून वाचली. घरी आले, हातपाय धुतले आणि न जेवता झोपले. तिला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदा तरी वाटलं.

केळी तोडली, ओट्यासकट घर गेलं, बावखलात भराव पडला. काका-काकू विरारला मुलाच्या, हार्दिकच्या, फ्लॅटवर गेले. इझाबेल एकदा हिय्या करून भेटायला गेली. काका गॅलरीतल्या खुर्चीत बसले होते, खूप वाळलेले. तिने काय बोलायचं ते ठरवून नेलं होतं, पण त्यांनीच आधी विचारलं, "सिग्नल चालतो ना गं नीट?"

"चालतो, काका."

"मग झालं. तू किती राबलीस, मी पाहिलंय."

काकूंनी आत चहा टाकला होता. तो न घेताच ती उठली.

काका पुढच्या थंडीत गेले. हार्दिकचा फोन आला तोवर विरारलाच सगळं उरकलं होतं. पप्पांना मित्राचं तोंडही पाहायला मिळालं नाही. ती आणि पप्पा भेटायला गेले, तेव्हा हार्दिक म्हणाला, "बाबा शेवटी शेवटी सकाळी उठून वाडीला पाणी सोडायला निघायचे. कुठे निघालात विचारलं की परत गॅलरीत जाऊन बसायचे."

परतताना रिक्षात बाप-लेक शेजारी बसले होते. सेबेस्टियन म्हणाले, "त्याला इकडं आणायला हवं होतं. आपल्या घरी एक खोली रिकामीच होती."

"मला सुचलं होतं, पप्पा," ती म्हणाली. "तुम्हाला विचारायची हिंमत झाली नाही."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मलाही सुचलं होतं," ते म्हणाले, आणि तोंड फिरवून बाहेर बघत राहिले.