गायकवाडबाईंनी पुसायला लावलेलं उत्तर

"स्वतः करून पाहिलंय का?" आमच्या बोर्डावर कोणी उत्तर लिहिलं, की त्याखाली गायकवाडबाईंचा हा प्रश्न हजर. निम्मे सभासद त्यांना वचकून असत आणि मी तर पुरता वैतागलेला.

बोर्ड म्हणजे शहाण्णव सालचं माझं वेड. डोंबिवलीच्या घरी एक कॉम्प्युटर, एक मोडेम, एक टेलिफोन लाइन. सभासदांनी एकेकाने आपल्या कॉम्प्युटरवरून फोन जोडायचा, कोणी प्रश्न ठेवायचा, कोणी उत्तर. चुकीचं पुसायचा अधिकार एकट्या माझा, आणि तो मला भारी प्रिय होता. बाई ठाण्याच्या, वर्तकनगरला राहायच्या, आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग घ्यायच्या.

एकदा खडवलीच्या पाटलांनी विचारलं, वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात, काय करू? मी ऐटीत लिहिलं, लाकडी फळीवर उभे राहा. रविवारी सकाळी बाई थेट दारात.

"देसाई, ते उत्तर आधी काढा. कालपासून फोन लावतेय, तुमची लाइन सदा एंगेज!"

"अहो, आमच्याकडे सगळे असंच करतात."

"फळीवर एक जण उभा राहील. दुसऱ्याने ओल्या लादीवरून हात लावला म्हणजे?"

तोंड वाकडं करून मी उत्तर पुसलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. "पाटलांनी वाचलंय का बघा." पाहिलं. शनिवारीच वाचलं होतं. पाटलांना फोन लावला, तो लागेना.

"मग इथून पुसून काय उपयोग? त्यांच्या डोक्यातून कोण पुसणार? पत्ता घ्या, चला."

खडवलीला पोचलो तेव्हा मोरीजवळ मशीन सुरू होतं. फळीवर पाटलांची बायको, आणि शेजारी तिची सासू अनवाणी, पाण्यात उभी राहून बादली भरत होती. बाईंनी नमस्कारही न करता आधी प्लग काढला. मग मेन स्विच बंद करून अर्थिंगची तुटलेली वायर शोधली, जोडली. बाईंनी मला शब्दानेही टोचलं नाही, त्याचीच जास्त लाज वाटली.

परतताना स्टेशनवर मी म्हणालो, "आजपासून पुसायचा अधिकार तुम्हालाही. कोणाचंही पुसा, मला विचारू नका."

"घेते. पण गुपचूप नाही पुसणार. का पुसलं ते तिथेच लिहीन, ज्याचं पुसलं त्याच्या नावासकट. चालेल?"

ओठांवर आलेलं 'नको' मी गिळलं. "चालेल."

त्याच संध्याकाळी त्यांनी पहिलं कारण लिहिलं: "फळीने दोष जात नाही, जीव जाऊ शकतो. उत्तर देणारे: देसाई."

ते पुसायचा अधिकार माझ्याकडेही होता. बोर्ड बंद होईपर्यंत मी तो वापरला नाही.