जाऊबाईंच्या छातीचा फोटो

छातीचा फोटो माझा काढायचा होता आणि मशीनपुढे मी उभं केलं माझ्या जाऊबाईंना. हसा. मीही हसते आता. तेव्हाची ती अतिशहाणी सून आज समोर आली, तर आधी तिच्या डोक्यात एक टप्पल मारीन आणि मग विचारीन, बये, ताप तुला, फोटो तिचा, मग औषध काय डॉक्टर शेजारणीला देणार होते?

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. आमचं गाव मेहकरच्या अलीकडे, एसटीच्या रस्त्यावर. दिवाळीपासून मला ताप यायचा. दिवसभर मी बरी असायची, दिवेलागणीला दात वाजायला लागायचे आणि पहाटे लुगडं घामानं भिजलेलं असायचं. उजव्या बरगड्यांखाली जड जड वाटे, उजवा खांदा ठणके. मेहकरच्या डॉक्टरांनी हिवतापाच्या गोळ्या दिल्या, मग टायफॉइडचं औषध दिलं. ताप कशालाच दाद देईना. शेवटी त्यांनी बुलडाण्याच्या दवाखान्यात फोटो काढायला चिठ्ठी लिहून दिली.

छातीचा फोटो म्हणजे क्षय, एवढं वैद्यकशास्त्र आमच्या अख्ख्या गावाला येत होतं. तोंडानं कोणी बोललं नाही. पण आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, माझा पेला निराळा केला, खिळ्यानं त्याच्यावर ओरखडाही काढला. माझी पोरगी तेव्हा अंगावर पिणारी. आमच्याच आळीतल्या एका बाईला क्षय निघाला होता. तिला माहेरी धाडलं आणि लेकरू इकडे ठेवून घेतलं. ते लेकरू पुढं तिला मावशी म्हणायचं.

मग काय, मला प्रत्येकाचा संशय. आत्याबाई पोरीला वाटीनं वरचं दूध पाजून बघतात, ते कशाला? जाऊबाईंना तिन्ही मुलगेच, त्या माझ्या पोरीला सारख्या कडेवर घेतात, ते कशाला? मशीनचाही संशय. जे माणसाच्या आतलं बघतं ते चुगली केल्याशिवाय राहील का?

घरी कापसाची वेचणी चालू, त्यामुळे पुरुषमाणूस कोणी आलं नाही. आम्ही तिघी एसटीनं बुलडाण्याला गेलो. आत्याबाई पोरीला घेऊन बाहेर लिंबाखाली बसल्या. आत बाकावर आम्ही दोघी जावा. गाडीत धक्के खाता खाता माझं डोकं चाललं होतं. फोटो वाईट निघाला तर पोरगी जाणार. मग फोटो चांगलाच निघाला पाहिजे. आमच्या घरात सगळ्यात चांगली छाती कोणाची? डोक्यावर दोन घागरी आणि काखेत तिसरी घेऊन जी बोलत बोलत चढ चढते तिची.

“जाऊबाई, तुमीच जा न आत.”

“म्या काऊन? ताप तुले हाय.”

“मले क्षय निघाला त माही पोरगी गेली.”

त्यांनी बाहेर लिंबाखालच्या पोरीकडे बघितलं. मग म्हणाल्या, “अन् मले काही निघालं त?”

“तुमाले काय निघते! बैल हाय तुमी.”

“बैल म्हणतं, अन् वरतून काम सांगतं!” त्यांनी माझ्या हातातली चिठ्ठी ओढली, नाकापर्यंत पदर घेतला आणि गेल्या. मशीनवरच्या माणसानं चिठ्ठीवरचं नाव वाचलं. पदराखाली कोण आहे ते त्यानं कशाला पाहावं?

बऱ्याच वेळानं डॉक्टरांनी माझ्या नावानं हाक मारली. मी गेले, मागोमाग पोरीला घेऊन आत्याबाई. डॉक्टर काळा फोटो खिडकीशी धरून बघत होते.

“फुप्फुसं स्वच्छ आहेत,” ते म्हणाले. मी मनातल्या मनात पेढे वाटले. “पण ही बरगडी कधी मोडली?”

“कोणाची?”

“तुमची. डावीकडची. मोडून वाकडी जुळली आहे. कधी पडलात?”

“मी कुठं पडले?”

त्यांनी माझी डावी बाजू चाचपली. फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला. त्यांच्या कपाळावर आठी. पण त्यांच्याआधी आत्याबाईंना उत्तर सापडलं.

“म्हंजे माहेरीच मोडेल होती! मोडकी पोरगी आमच्या गळ्यात बांधली! धाडूनच देतो इले बापाघरी. लेकरू राहीन आमच्यापाशी.”

बघा आता. क्षय नाही, काही नाही, आणि पोरगी तरी चाललीच. मी पोरीचा पाय घट्ट धरला. तेवढ्यात दारातून आवाज आला.

“आत्याबाई, थे बरगडी माही हाय.”

“तुही? इच्या आंगात?”

“फोटोच माहा हाय. चिंचेवरून पडली होती मी, लग्नाच्या दुसऱ्या साली. तुमी म्हने उसण भरली, अन् वीट गरम करून शेकलं मले.”

“सून असून झाडावर चढली?”

“चिंचा खावा वाटल्या. मांगाव कोणाले?”

डॉक्टर हसले नाहीत. मला म्हणाले, “हा फोटो खरा धरून मी तुम्हाला घरी पाठवलं असतं, तर महिन्याभरात तुम्ही गेला असता. आणि क्षय असता तर या बाळालाही दिला असता. चला आत.”

आत मिट्ट काळोख. डॉक्टरांच्या डोळ्यांवर लाल काचांचा चष्मा होता, तो त्यांनी अंधारात काढला. डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून तो घालतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, हा मांत्रिकच. छातीपुढे हिरवट उजेडाचा पडदा लागला; त्यावर म्हणे आतलं हलताना दिसतं. श्वास घ्या, सोडा. घ्या, सोडा. एवढा वेळ एकाच जागी काय बघतो हा, आणि किती वेळा?

मग त्यांनी माझा फोटोही काढला आणि विचारलं, “पावसाळ्यात आव पडत होती का?”

पडत होती. मेहकरला सांगितली नव्हती. परक्या पुरुषाला ते सांगायचं कसं?

क्षय नव्हता. छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा उजवीकडे वर ढकलला गेला होता आणि श्वासाबरोबर हलत नव्हता. त्याच्याखाली यकृतात आवेच्या जंतूंमुळे पू साठला होता. तिथंच ठेवून घेतलं मला. जाड सुईनं तांबूस गढूळ पू काढला, इंजेक्शनं टोचली. एका संध्याकाळी दिवे लागले आणि माझे दात वाजलेच नाहीत. तरी मी अंगावर पांघरूण घेऊन वाट बघत बसले; तापाचाही भरवसा नव्हता मला.

घरी आले तेव्हा आत्याबाई दारातच होत्या, कडेवर पोरगी. मी हात पुढं केले. त्यांनी आधी माझ्या बगलेतला फोटो मागून घेतला. उन्हाकडे धरला, उलटा केला, सुलटा केला, डावीकडच्या एकेका बरगडीवरून बोट फिरवलं. मग पोरगी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “घे तुही पोरगी. पण खरं सांग व, हा फोटो तरी तुहाच हाय न?”