बिडीचा धूर जमवणाऱ्या बाई

“आजची कितवी?”

समोर येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला बाईंचा पहिला प्रश्न हाच. पोस्टमन असो की दवाखान्यातले मोठे डॉक्टर, बाई नाक किंचित वर करून वास घ्यायच्या आणि विचारायच्या. माणूस ओशाळून खोटा आकडा सांगायचा. बाई वहीत त्याच्या दुप्पट लिहायच्या.

अमरावतीच्या एका सरकारी दवाखान्यामागे त्यांच्या संशोधनाच्या दोन खोल्या होत्या. एकीत पांढरे उंदीर, दुसरीत सूक्ष्मदर्शक आणि काचेची नळकांडी. साठ सालानंतरची गोष्ट. मी नुकतीच बी.एस्सी. होऊन त्यांच्या हाताखाली लागले होते. पाणी भरलेल्या मोठ्या बाटलीची खालची तोटी सोडली, की वरच्या नळीला लावलेली बिडी आपोआप ओढली जायची आणि धूर कापसात अडकायचा.

“हा आपला जावई,” बाई बाटलीकडे बोट दाखवायच्या. “काम काही नाही, बसून नुसता ओढतो.”

कापसातून निघालेलं काळं डांबर आम्ही काही उंदरांच्या पाठीवर कुंचल्यानं लावायचो, काहींना नुसतं निकोटीन द्यायचो. बिडी सुटत नाही ती निकोटीनमुळे, हे बाईंना ठाऊक होतं. पण छातीत गाठ कोण आणतं, निकोटीन की डांबर, याचा त्यांना छडा लावायचा होता. महिने गेले. डांबरवाल्या उंदरांच्या पाठीवर गाठी आल्या, निकोटीनवाल्यांना नाही. त्या दिवशी बाई आनंदल्या असतील असं तुम्हाला वाटेल. त्या जेवल्या नाहीत. “बांधून ठेवतो एक, मारतो दुसरा,” एवढंच म्हणाल्या.

त्याच हिवाळ्यात माझे वडील खोकल्यातून रक्त टाकू लागले. आबा अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. धम्म स्वीकारला तेव्हा त्यांनी दारू एका दिवसात सोडली होती. बिडी काही सुटली नव्हती. मी त्यांना अमरावतीला आणलं. बाईंनी स्वतः उभं राहून छातीचा फोटो काढवला आणि तो खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ धरला.

आबांना त्यांनी ‘कितवी’ विचारलं नाही. आबांनीच विचारलं, “बाई, मले बिडीनंच धरलं का?”

बाईही मूळच्या अकोल्याच्या. पण त्यांच्या तोंडून वऱ्हाडी मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकली. “हो भाऊ. मले तं तसंच वाटते.”

“खोटं नाही बोलल्या, बरं झालं,” आबा म्हणाले. मग म्हणाले, “मी मेलो की माही छाती उघडून पाहा. उंदरापेक्षा माणूस बरा.”

“असं काहून बोलता भाऊ?”

“पोरीलेही दाखवा. तिले मी शिकवलं कायले मंग?”

त्यानंतर दोन महिने आबा दवाखान्यातच होते. रोज दुपारी बाई त्यांच्या खाटेशी बसून ज्वारीच्या कण्या भरवायच्या आणि जिनिंगमधल्या गमती ऐकायच्या. वही कधी बरोबर नेली नाही.

आबा गेले. त्यांची इच्छा बाईंनी पाळली. ते काम त्यांनी एकटीनंच केलं, मला आत येऊ दिलं नाही.

आठवड्यानं मी कामावर गेले. सूक्ष्मदर्शकाखाली काच लावलेली होती.

“आज नको वाटत असेल तर नको,” बाई म्हणाल्या.

मी पाहिलं. दाटीवाटीनं माजलेल्या जांभळ्या पेशी. उंदरांच्या शेकडो काचा पाहिलेली मी, पण डोळे भरून आले आणि काहीच दिसेना. बाईंनी मला जवळ घेतलं नाही, समजावलंही नाही. पदरानं भिंग कोरडं केलं, काच जराशी सरकवली.

“आता बघ. ही कड बघ,” त्या हळूच म्हणाल्या. “इथं त्यांचं फुप्फुस शेवटपर्यंत चांगलं होतं.”

जाळीसारख्या नाजूक, मोकळ्या पोकळ्या. मी त्या बराच वेळ पाहत राहिले. बाईंचा हात माझ्या पाठीवर होता.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंची अकोल्याला बदली झाली आणि काम अर्धवट असतानाच त्या तिथे वारल्या. मला चार दिवसांनी कळलं. नव्या साहेबांनी उंदरांची खोली रिकामी केली. तिथे सगळे सायकली ठेवू लागले. मी निवृत्त होईपर्यंत माझी सायकल बाहेर, उन्हातच लावली.