वाकड्या बाभळीची पोहणारी

पेनबुई चमचे करायचा. जेवणाचे नव्हेत हो, जेवायला देवानं पाच बोटं दिलीत! त्याचे चमचे सुगंधी मलमाचे. हात पुढे ताणून पोहणारी लाकडी मुलगी, तिच्या हातात बदक, बदकाच्या पोटात मलम आणि वर पंखांचं झाकण. नाईलच्या पश्चिम काठावर देवळाचा कारखाना होता, तिथं वीस वर्षं त्यानं अशा मुली पोहायला लावल्या.

मग एकदा दगड वाहणारी घसरगाडी त्याच्या उजव्या हातावरून गेली. हात राहिला, पण तीन बोटं वाकेनात. कारखान्याचा मुकादम कासा हा त्याचाच शिष्य. त्यानं खाली मान घालून पेनबुईची तांब्याची पटाशी कारखान्याच्या पेटीत जमा केली.

"दादा, तुम्ही आता वाळूनं घासकाम करा. बसून काम आहे."

"घासकाम? मी? अरे, देवळाच्या दरीच्या उत्सवाआधी चमचा आणून दाखवतो. परीक्षेत टिकला तर पटाशी परत द्यायची."

"आणि नाही टिकला तर?"

"तर मरेपर्यंत घासतो. तोंडातून अवाक्षर काढणार नाही."

घरी बसून गारगोटीच्या पात्यानं तो डाव्या हातानं कोरू लागला. पहिली मुलगी मानेत तुटली, दुसरीही तिथंच. पोहणारीची मान वर उचललेली असते. सरळ लाकडाचा धागा त्या बाकात आडवा कापला जातो, तिथं हात अलगद चालावा लागतो. डावा हात कसला अलगद चालतोय! तिसरी तुटली तेव्हा त्यानं पातं भिंतीवर भिरकावलं.

"भिंतीनं काय घोडं मारलंय तुमचं?" बायको तामीत चुलीपुढून म्हणाली. "उचला ते. कांदे चिरायला लागतं मला." आणि सरपणातली एक बाभळीची फांदी तिनं चुलीत सारली.

पेनबुई ओरडला, "थांब!" फांदी टोकाशी वर वळलेली होती, अगदी पोहणारीच्या मानेसारखी. धागाही तिच्याबरोबर वळलेला. मान कोरायची नव्हतीच, झाडानं ती आधीच वाढवून ठेवली होती.

"अहो, ती वाकडी आहे. तुम्हीच म्हणायचात ना, वाकडं लाकूड चुलीत?"

"मी गाढव होतो."

"हे लग्नाआधी सांगायचं," तामीत म्हणाली आणि धुमसणारं टोक पाण्यात बुडवून फांदी त्याच्यापुढे ठेवली.

बाभूळ कठीण. पातं बोथट व्हायचं, हात सोलायचा. पण हा पठ्ठ्या हटला नाही. उत्सवाला दोन दिवस उरले असताना त्यानं चमचा कासापुढे ठेवला. सगळे कारागीर गोळा झाले.

कारखान्याची परीक्षा ठरलेली होती: पोहणारीला पायांकडून धरायचं आणि दगडावर तीनदा आपटायचं. ही परीक्षा पेनबुईनंच घालून दिली होती. कासानं चमचा उचलला आणि दगडावर नुसता टेकवल्यासारखा केला. एकदा, दोनदा.

"मुंगी मारतोयस का रे?" पेनबुई कडाडला. "असं शिकवलं होतं मी तुला?"

"दादा, तुटला तर..."

"तर तुटू दे! दया नकोय मला. नीट मार."

कासानं डोळे मिटले आणि सगळा जोर लावून हाणला. टण्ण आवाज झाला. दगडाचा टवका उडाला. मुलगी हात ताणून तशीच पोहत होती.

कासानं पंखांचं झाकण सरकवून पाहिलं. "झाकण उलट्या बाजूला उघडतंय, दादा."

"उलट्या नाही, डाव्या." पेनबुईनं डावा हात पुढे केला. "पटाशी."

कासानं पेटी उघडली. पटाशी पुसून त्यानं दोन्ही हातांनी पुढे केली.

घरी पोचला तेव्हा तामीत चूल पेटवत होती. त्याच्या कमरेची पटाशी तिनं पाहिली, आणि डोळे पुसले ते धुरानं, असं तिचं म्हणणं.

"सरपणात आणखी दोन वाकड्या आहेत," ती म्हणाली. "जाळू की ठेवू?"

"ठेव," पेनबुई म्हणाला.